गलबताचा खिळा

जुनी बंदूक विकत घ्यायला आलेला माणूस सगळ्यात आधी ती खांद्याला लावतो आणि एक डोळा मिटतो. तिथंच तो फसतो. खांद्याला लावली की कुठलीही बंदूक आपलीच वाटायला लागते. मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचो, बाबा रे, हात पाठीमागं बांध आणि आधी नुसती बघ. पण ऐकतंय कोण!

मी हणमंत शिंदे, माण तालुक्यातला. फौजेत आर्मरर होतो, म्हणजे बंदुका दुरुस्त करणारा. हवालदार होऊन पेन्शनीत निघालो आणि दोह्याला एका शिकारी सामानाच्या दुकानात मिस्त्री म्हणून लागलो. गावाकडं माझी बायको, सुनंदा, विचारणाऱ्याला सांगायची की आमचे हे ड्रायव्हर आहेत. मी फोनवर चिडलो तर म्हणाली, "अहो, बंदुकीचं काम म्हटलं की माणसं कसल्या कसल्या नजरेनं बघतात. ड्रायव्हर म्हटलं की गप चहा पिऊन जातात." तिचंही खरंच होतं म्हणा. मग मी माझ्याच गावात ड्रायव्हर झालो तो झालोच.

दोह्यात दरवर्षी उन्हाळा सरताना शिकारीच्या सामानाचं मोठं प्रदर्शन भरतं. ससाणे, तंबू, वाळवंटात पळणाऱ्या गाड्या आणि बंदुका. बाकीचे लोक नव्या बंदुकांच्या गाळ्यांपुढं गर्दी करतात. माझं काम असायचं मागच्या बाजूला. तिथं परदेशी व्यापारी जुन्या फौजी रायफली घेऊन बसतात. कुठल्या तरी देशाच्या सैन्यानं नवी हत्यारं घेतली की जुनी पेट्या भरभरून विकायला काढतात, तोच हा माल. कतारी माणूस परवाना काढून अशी रायफल घेऊ शकतो. घेण्याआधी ती कोणीतरी तपासून द्यावी लागते. आमच्या दुकानाची गिऱ्हाइकं त्यासाठी मला बरोबर न्यायची.

तपासणं म्हणजे काही जादू नाही. नळीत बारीक दिवा सोडायचा आणि आतले आटे शाबूत आहेत का बघायचं. बोल्टवरचा नंबर आणि अंगावरचा नंबर एकच आहे का बघायचं, कारण व्यापारी तीन मेलेल्या बंदुकांची मिळून एक जिवंत करतात. नळीचं तोंड बघायचं. फौजेत साफ करायची दोरी असते, तिला चिंधी लावून जवान नळीतून ओढतो. वर्षानुवर्षं आळशासारखी तिरकी ओढली की तोंड झिजतं. आणि शेवटी दस्ता, म्हणजे लाकूड. लोखंडाला पॉलिश केलं की ते मुकाट बसतं, लाकडाला काही केलं तरी ते कुठं ना कुठं बोलतंच.

गिऱ्हाइकं तरी एकेक! एकानं मला सोफ्याचं कापड आणून दाखवलं आणि म्हणाला, या रंगाच्या लाकडाची बघ. दुसऱ्याला लढाईत माणूस मारलेलीच रायफल पाहिजे होती. मी म्हटलं, साहेब, तसं लिहून कोणी देत नाही. तर व्यापारी मधेच म्हणाला, देतो की! मी कपाळाला हात लावला. त्यानं ती घेतली, पुढं मला भेटला की अभिमानानं सांगायचा, खूप मारलेत हिनं. नळी बघितली होती मी तिची. कोठारातून बाहेरसुद्धा पडली नव्हती बिचारी.

पण मला सांगायचंय ते बू जासिमचं.

बू जासिम म्हणजे जासिमचा बाप. तिकडं मोठ्या मुलाच्या नावानं बापाला हाक मारतात, तोच मान. हा म्हातारा उत्तरेला अल रुवैसचा, कोळ्यांच्या गावचा. लहानपणी बापाबरोबर गलबतातून खजूर घेऊन मुंबईला आलेला, त्यामुळं हिंदी बोलायचा, तीही जुन्या मुंबईची. पहिल्यांदा दुकानात आला तेव्हा काउंटरवर काठी आपटून म्हणाला, "मिस्त्री कोण? तू? चल मेरे साथ. अपने बाप का बंदूक ढूंढने का है."

त्याच्या बापाची थ्री नॉट थ्री होती. आपल्याकडं पोलिसांच्या खांद्यावर वर्षानुवर्षं दिसायची तीच. बू जासिम सहा-सात वर्षांचा असताना त्याची आई आजारी पडली. रुवैसला डॉक्टर कुठला, इस्पितळ समुद्रापलीकडं बहरीनला. वारा उलटा होता, कोणी गलबत काढेना. शेवटी परमुलखातला एक नाखवा तयार झाला, पण त्यानं बदल्यात बंदूक मागितली. बापानं ती पोराच्या हातात दिली आणि आईला पाठीवर घेऊन किनाऱ्यावर नेलं.

"मेरे से ऊंचा था बंदूक," बू जासिम सांगायचा. "मैं दिया नाखवा को. ये हाथ से दिया." आणि दोन्ही तळवे पुढं करायचा.

आई परत आलीच नाही. बहरीनलाच तिला मूठमाती दिली. बाप एकटा परतला आणि त्यानं जन्मात पुन्हा बंदुकीचं नाव काढलं नाही. पोरगा मात्र कित्येक दिवस किनाऱ्यावर जाऊन बसायचा. आई गेली हे त्याला कोणी नीट सांगितलंच नव्हतं. आता म्हातारपणी त्याचं एकच मागणं होतं. "मिस्त्री, मां गया, वो तो खलास. उसके बदले में जो गया, वो तो घर आना चाहिए ना?"

 मी म्हटलं, शोधू.

खुणा दोन होत्या. दस्त्याच्या डाव्या बाजूला वसम, म्हणजे उंटाला डागतात तसा घराण्याचा डाग, तापल्या सळईनं दिलेला. चंद्रकोर आणि तिच्याखाली आडवी रेघ. दुसरी खूण, दस्त्याचं मनगट, म्हणजे मुठीत धरायचा बारीक भाग, एकदा मोडलं होतं, म्हणून त्यावर उंटाचं ओलं कातडं शिवलेलं. ओलं कातडं वाळलं की असं आवळतं की मोडकं लाकूड आयुष्यभर धरून ठेवतं. त्या लोकांची ही जुनीच रीत.

सुरुवातीची काही वर्षं आम्हाला तसलं काही दिसलंच नाही. म्हातारा प्रत्येक गाळ्यापुढं थांबायचा, बोटानं हवेत चंद्रकोर काढून दाखवायचा, नळीवर हात ठेवून जुनी गोष्ट सांगायचा आणि व्यापारी माना हलवायचे.

आणि मग त्याच्या बापाची बंदूक यायला लागली.

एका वर्षी एक. पुढच्या वर्षी दोन, वेगवेगळ्या गाळ्यांवर! आधी माझ्याही लक्षात येईना, मग डोक्यात प्रकाश पडला. गाडी, घर असलेला, हळव्या मनाचा म्हातारा काय शोधतोय हे त्यानं स्वतःच सगळ्या बाजाराला सांगून ठेवलं होतं. मग काय, च्यायला, मागेल तसा माल तयार! पहिलीच्या कातड्यावरचा दोरा नायलॉनचा होता. दुसरीवरचा डाग वॉर्निशच्या वरून दिलेला. त्या वर्षी माझा खोलीतला सोबती, मालवणचा बबन मेस्त्री, हौसेनं प्रदर्शन बघायला आला होता. आम्ही दोघं बरवा अल बराहा या कामगारांच्या वसाहतीत एका खोलीत राहायचो. तो सुतार, त्याचे वाडवडील गलबतं बांधायचे. त्यानं डागावरनं नख फिरवलं आणि माझ्या कानात म्हणाला, "शिंदेनू, ह्यो डाग जुनो नाय. आत लाकूड पांढरांच आसा."

पण एव्हाना म्हाताऱ्यानं ती छातीशी धरली होती. डोळ्यांतून पाणी चाललेलं. ओठ हलत होते. मला सांगा, अशा वेळी त्याच्या खांद्यावर हात ठेवून "ये नहीं, बू जासिम" म्हणायचं म्हणजे काय असतं? मी म्हटलं. दरवर्षी म्हटलं. फौजेत मला शिकवलं होतं की खराब हत्यार पास केलं तर ते एखाद्याच्या जिवावर उठतं, तेव्हा नाही म्हणायला लाजायचं नाही. ते अंगात मुरलेलं. पण त्या प्रदर्शनाचे दिवस जवळ आले की मी सुनंदाला फोन लावायचो. म्हणायचो, आला बघ माझा नाही म्हणायचा महिना.

त्याचा मुलगा जासिम चांगला माणूस होता, ऑफिसातला, दोह्यातच अल थुमामात राहायचा. एकदा मला बाजूला घेऊन म्हणाला, "मिस्त्री, प्लीज, एक बार हाँ बोल दो. कोई भी एक. बाबा खुश हो जाएगा, खलास."

मी म्हटलं, "तुम्ही आणा, तुम्ही सांगा. मी माझ्या तोंडानं नाही सांगणार. ते माझ्या तोंडाकडं बघून विश्वास ठेवतात."

तो रागावला नाही. नुसता दमल्यासारखा दिसला.

 त्या दिवशी परत जाताना वाटेत जासिम पेट्रोल भरायला उतरला तेव्हा म्हातारा मागं वळून म्हणाला, मिस्त्री, एक गोष्ट कोणाला सांगितली नाही, यालासुद्धा नाही. त्या कातड्याच्या खाली खिळा आहे. मनगट मोडलं तेव्हा गलबतं बांधणाऱ्या एका कारागिरानं आधी गलबताचा खिळा ठोकला आणि मग वर कातडं शिवलं. लहानपणी बंदूक हातात आली की मी कातड्यावरून अंगठ्यानं तो दाबून बघायचो. आता चंद्रकोर दिसली की मला भान राहत नाही, तू दाबून बघत जा. "अभी तू जानता और मैं जानता. आदमी लोग चंद्रमा बनाएगा, चमड़ा बनाएगा. खिळा नहीं बनाएगा."

तेव्हापासून मी कुठलीही थ्री नॉट थ्री हातात घेतली की आधी मनगटावरून अंगठा फिरवायचो. सवयच लागली.

त्यानंतरच्या प्रदर्शनाला जासिम एकटाच आला. म्हणाला, बाबा आता विसरतात. मला त्यांच्या भावाच्या नावानं हाक मारतात. पण बंदूक बघायला गेलास का, हे मात्र रोज विचारतात, म्हणून आलो. बबनही होता बरोबर. आम्ही सगळे गाळे फिरलो. चंद्रकोरवाल्या दोन होत्या, दोन्ही नकली, त्यातली एक तर मी दुरूनच ओळखली.

कोपऱ्यातल्या एका गाळ्यावर भिंतीवर टांगायच्या म्हणून विकायला ठेवलेल्या रायफली होत्या. सगळ्या चकचकीत, वॉर्निश मारलेल्या. त्यांच्यात आमचं काय काम? पण हात शिवशिवतातच. मी एक उचलली, डाग नाही, कातडं नाही, अगदी नवरीसारखी नटवलेली. अंगठा मनगटावरून गेला आणि अडला.

लाकडातली भेग बुजवायला लांबीचा लगदा भरून वरून रंग दिला होता, पण लांबी वाळून बसली होती आणि मधोमध काहीतरी कठीण टोचत होतं. मी दस्ता उलटा केला. दस्त्याच्या मागं पितळी पट्टी असते, ती लाकडाशी सपाट बसलेली असते. हिची पट्टी उजवीकडं सपाट होती आणि डावीकडं नखभर बाहेर आलेली. म्हणजे डाव्या बाजूचं लाकूड कोणीतरी तासून काढलं होतं. डावीकडंच काय होतं तासायला?

 बबनला म्हटलं, "हे बघ जरा."

त्यानं व्यापाऱ्याला विचारून नखानं थोडी लांबी उकरली. चौकोनी डोक्याचा, हातानं घडवलेला, काळा पडलेला खिळा. बबन माझ्याकडं बघतच राहिला. "ह्यो गलबताचो खिळो! बंदुकीत खयसून इलो?"

व्यापारी तरुण होता, भला माणूस. त्याला वाटलं मी खोट काढतोय. तो उत्साहानं सांगायला लागला, पलीकडच्या किनाऱ्यावरच्या एका जुन्या घरातून हा माल आला, फार वाईट अवस्थेत होती, काहीतरी घाणेरडं कातडं गुंडाळलेलं होतं, ते कापून टाकलं, लाकडावर भाजल्याचा डाग होता, तो तासला, आता बघा कशी नव्यासारखी झालीय.  सत्तर वर्षं त्या कातड्यानं जे धरून ठेवलं होतं ते यानं कचऱ्यात टाकलं होतं आणि त्याला कौतुक पाहिजे होतं. त्याला तरी कसं बोलणार? त्याला कुठं काय माहीत होतं?

जासिम म्हणाला, "मिस्त्री, शुअर?"

"हो," मी म्हटलं. त्या म्हाताऱ्याच्या कामात पहिल्यांदा हो म्हटलं, आणि ते ऐकायला तो तिथं नव्हता. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू. बबन पाठ थोपटत होता आणि लोक बघत होते.

परवाना, कागद, तपासणी यात हिवाळा उजाडला. मधल्या काळात म्हाताऱ्याचं भान आणखीच सुटत चाललं होतं. हिंदी गेली, मग नातवंडांची नावं गेली. जासिम फोन करून एवढंच सांगायचा आणि मी कागद कुठवर आलेत ते सांगायचो. बंदूक ताब्यात आली त्या शुक्रवारी सकाळीच आम्ही रुवैसला निघालो. वाटेत मी ठरवत होतो, आधी खिळा दाखवायचा, मग पट्टी दाखवायची, मग डाग का नाही ते समजावायचं. इतक्या वर्षांचा नकार मलाच पुसायचा होता.

बू जासिम घरासमोरच्या ओट्यावर चटई टाकून समुद्राकडं तोंड करून बसला होता. फार वाळला होता. माझ्याकडं बघितलं ते अनोळखी माणसाकडं बघतात तसं. जासिमनं बंदूक त्याच्या मांडीवर ठेवली. "यूबा," तो म्हणाला, म्हणजे बाबा, "ही बघा कोणाची आहे."

म्हाताऱ्यानं तिच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. पण अंगठा आपोआप मनगटावर गेला. फिरला आणि थांबला. दाबला. पुन्हा दाबला.

मला काही समजावून सांगायची गरजच पडली नाही. चेहरा असा उजळला की जासिमनं माझा हात घट्ट धरला. मला वाटलं, मिळालं. देवा, मिळालं एकदाचं.

मग म्हातारा उठायला लागला. जासिम आधार द्यायला गेला तर त्याला झटकून अनवाणीच ओट्यावरून उतरला. बंदूक त्याला पेलत नव्हती, ती त्यानं दोन्ही तळव्यांवर आडवी घेतली आणि माझ्यापुढं येऊन उभा राहिला. अरबी बोलत होता, पण आवाज बारीक, लहान पोराचा. माझ्या मोडक्यातोडक्या अरबीलासुद्धा सगळं कळलं.

"नाखवा, ही घे. बाबांनी दिलीय. आता गलबत काढ. यल्ला, चल लवकर."

जासिम पुढं झाला, "यूबा, हा मिस्त्री आहे, आपला…" मी त्याला हातानं थांबवलं.

"आईला जपून ने," म्हातारा म्हणत होता. "तिला लाटा सोसत नाहीत. हळू ने."

इतकी वर्षं तो ही बंदूक घरी आणायला धडपडला होता, आणि हातात आल्याबरोबर पुन्हा देत होता. त्याच्या लेखी आई अजून किनाऱ्यावर होती, बापाच्या पाठीवर, जिवंत. बंदूक दिली की ती वाचणार होती. मी घेतली नसती तर?

मी दोन्ही हात पुढं केले आणि घेतली.

"आईला परत कधी आणशील?"

ज्या माणसाला मी कधी खोटं सांगितलं नव्हतं, मुलानं हात जोडले तरी सांगितलं नव्हतं, त्याला मी म्हटलं, "बरी झाली की लगेच. इन्शाल्ला."

तो हसला आणि ओट्यावर जाऊन बसला. जासिम भिंतीकडं तोंड करून उभा होता, त्याचे खांदे हलत होते. मी बंदूक घेऊन गाडीत जाऊन बसलो. उघड्यावर ठेवून कसं चाललं असतं? त्याला दिसली असती.

ती त्या घरी राहिलीच नाही. जासिमनं एकदा आत कपाटात ठेवून बघितली, पण म्हाताऱ्याच्या नजरेला पडली आणि त्यानं आकांत केला की नाखवा गेलाच नाही, गलबत निघालंच नाही, आई तशीच उन्हात पडलीय. तेव्हापासून ती अल थुमामात जासिमच्या घरी कुलपात असते. कोणी बघत नाही.

नोकरी संपवून गावी निघायच्या आधी मी एकदा रुवैसला जाऊन आलो. तो ओट्यावरच बसला होता. समुद्र अगदी शांत होता, सुकतीची, म्हणजे ओहोटीची वेळ. मी शेजारी बसलो तसा त्यानं माझ्याकडं वळून बघितलं, माझे मोकळे हात बघितले आणि विचारलं, "आई?"

मी म्हटलं, "बरी आहे. निघालीय तिकडून."

त्यानं मान डोलावली आणि सरकून मला चटईवर नीट जागा करून दिली.